बागेत धोबी दिसला, म्हणून खाडी शाबूत आहे असं नाही

थंडी पडू लागली की ठाण्यात एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. कोलशेतच्या ‘नमो द ग्रँड सेंट्रल पार्क’मध्ये कुणीतरी पांढऱ्या धोब्याचा किंवा हळद्याचा देखणा फोटो काढतं. तो फोटो सोसायटीच्या बैठकीत, सकाळी चालायला येणाऱ्यांच्या घोळक्यात, शाळेच्या कार्यक्रमात दाखवला जातो, आणि त्याच्या जोडीनं एक निष्कर्षही पुढे केला जातो : एवढे टॉवर उभे राहिले, एवढे रस्ते झाले, तरी पक्षी येतातच आहेत. म्हणजे निसर्गाचं काही बिघडलेलं नाही. खाडीकाठच्या तिवरांसाठी आणि चिखलासाठी जीव टाकणारी माणसं लोकांना उगाच घाबरवतात.

हिवाळ्यात गळ्यात दुर्बीण अडकवून याच भागात फिरणाऱ्यांपैकी मी एक आहे. आमच्याच कॅमेऱ्यांतून निघालेले फोटो या युक्तिवादाचा पुरावा म्हणून वापरले जातात, त्यामुळे त्याला उत्तर देणं ही आमचीच जबाबदारी आहे. हा युक्तिवाद चुकीचा तर आहेच, शिवाय घातकही आहे. उरलासुरला खाडीकाठ द्यायचा की राखायचा, हे ठरवण्याच्या वेळी तो माणसांना निर्धास्त करतो.

आधी बागेच्या पदरात तिचं माप टाकतो. फेब्रुवारी 2024 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हस्ते हे उद्यान खुलं झालं. क्षेत्र सुमारे 20.5 एकर. कोलशेत रस्त्याचा हा पट्टा एके काळी रसायनांच्या कारखान्यांचा होता. बायर, सँडोझ ही नावं ठाणेकरांच्या एका पिढीला पाठ आहेत. कारखाने गेले, जमिनी विकासकांकडे आल्या, आणि त्या सगळ्या उलाढालीतून शहराला एवढी मोठी मोकळी जागा मिळाली, ही चांगलीच गोष्ट झाली. वन-बीएचकेत राहणाऱ्या मुलाला पळायला जागा हवी, आजी-आजोबांना बसायला सावली हवी. या बागेवर माझा राग नाही. तिच्या नावानं जो दाखला वाटला जातो, त्यावर माझा आक्षेप आहे.

आता पहिला मुद्दा : हे पक्षी बागेत येतात, पण ते जगतात कशावर?

कोलशेतचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला घोडबंदर रस्ता ओलांडला की येऊरचे डोंगर. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं ठाण्याकडचं अंग आहे, आणि ते अख्खं जंगल शंभर चौरस किलोमीटरहून थोडं मोठं आहे. दुसऱ्या बाजूला खाडी. कल्याणकडून येणारी उल्हास नदी इथपर्यंत पोचते तेव्हा तिचं पाणी भरती-ओहोटीच्या तालावर चालतं. पलीकडच्या काठावर भिवंडीकडचं काल्हेर, अलीकडे कोलशेत, आणि पुढे हीच खाडी गायमुख, नागला बंदर, घोडबंदर करत वसईला समुद्राला मिळते. काठाला तिवरांची रांग, आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल. डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या वस्तीत ही बाग आहे. तिच्यातल्या पक्ष्यांचा हिशेब या दोन शेजाऱ्यांना वगळून मांडताच येत नाही.

पांढरा धोबी दिवसभर हिरवळीवर शेपटी हलवत किडे टिपतो, म्हणून तो हिरवळीचा रहिवासी वाटतो. पण हिवाळ्यात धोबी रात्री एकट्यानं राहत नाहीत. संध्याकाळ झाली की ते गोळा होतात आणि पाणथळीतल्या बोरूंत किंवा दाट झाडोऱ्यात एकत्र झोपतात. बागेतल्या तळ्याशी उभा असलेला बगळा रात्रीला तिवरांत जातो. डोक्यावर घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार खाडीवर पोट भरते. झाडावर चार दिवस दिसणारा राखी कोतवाल येऊरच्या रानातून येतो-जातो. सकाळी आठ वाजता डोंबिवली स्टेशनवर हजारो माणसं दिसतात. त्यावरून ती स्टेशनात राहतात, तिथंच त्यांचं घर आणि जेवण आहे, असं कुणी म्हणणार नाही. बागेतल्या पक्ष्याबद्दल मात्र आपण नेमकं तेच म्हणतो आहोत. आजूबाजूचं घर मोडलं, तर बागेतला हा मुक्कामही काही वर्षांत संपतो.

दुसरा मुद्दा पुराव्याचा. फोटो हा पुरावा असतो, हे मला मान्य आहे. प्रश्न एवढाच की तो कशाचा पुरावा असतो? अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक पक्षी होता, इतकंच तो सांगतो. तो एकटा होता की पन्नासांच्या थव्यातला, गेल्या वर्षी किती होते, तो दहा मिनिटं थांबला की चार महिने राहिला, यांतलं काहीच फोटोतून कळत नाही. आणि जो पक्षी यायचा थांबला, त्याचा फोटो कधीच निघत नाही.

शिवाय फोटो निघतो तो डोळ्यात भरणाऱ्या पक्ष्याचा. सोनपिवळा हळद्या, उघड्या फांदीवर बसणारा वेडा राघू, निळ्या पंखांचा खंड्या यांच्याकडे टेलिलेन्स आपोआप वळते. ठाण्यातल्या झुडपांमधून हिवाळाभर ‘चक्, चक्’ असा आवाज देणारा ब्लीदचा बोरू वटवट्या घ्या. पूर्व युरोप आणि मध्य आशियातून हा मूठभर जीव दरवर्षी भारतात हिवाळा काढायला येतो. रंगानं मातकट, कायम पानांआड, घटकाभरही स्वस्थ न बसणारा. त्याचा धड फोटो मिळत नाही आणि मिळाला तरी कुणी दाखवत नाही. उद्या बागेतली झुडपं छाटून तिथं हंगामी फुलांचे ताटवे लावले, तर हा वटवट्या जाईल, आणि फोटोंच्या साठ्यात त्याच्या जाण्याची खूणही उमटणार नाही. हळद्याचा फोटो पुढच्या हिवाळ्यातही निघेल, आणि सगळं ठीक आहे असं आपण म्हणत राहू.

म्हणूनच पक्ष्यांची स्थिती कळायला यादी लागते. किती वेळ पाहिलं, किती अंतर चाललो, दिसलेली आणि ओळखू आलेली प्रत्येक जात किती संख्येनं होती, हे सगळं लिहिलेली पूर्ण यादी. तिच्यात कावळा हवा, पारवा हवा, साळुंकी हवी. तीच जागा, तीच वेळ, तेच अंतर वर्षानुवर्षं पाळलं की एखाद्या जातीपुढचा शून्यही बोलू लागतो. हे काम नुसत्या हौशी लोकांनी केल्याचा मोठा दाखला आपल्याच देशात आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा 2023 चा अहवाल सुमारे 30,000 पक्षिनिरीक्षकांच्या 3 कोटींच्या आसपास नोंदींवर उभा आहे. त्यात 942 जातींचा आढावा घेतला गेला. ज्या 338 जातींचा दीर्घ काळातला कल ठरवता आला, त्यांतल्या 60 टक्के जातींची संख्या घटलेली निघाली.

बाग म्हणजेच निसर्ग असं समजणाऱ्यांनी या अहवालातला आणखी एक निष्कर्ष नीट वाचावा, कारण माझा तिसरा मुद्दा त्यावरच उभा आहे. कुठेही जमवून घेणाऱ्या पक्ष्यांचं बरं चाललं आहे. ठरावीक अधिवासाला बांधलेले पक्षी मागे पडत आहेत. फळं आणि मध खाणारे पक्षी सावरलेले आहेत. किडे, जलचर किंवा मांस खाणारे घसरले आहेत. निवासी पक्ष्यांपेक्षा स्थलांतर करणाऱ्यांची घट मोठी आहे. मोर आणि कोकीळ वाढले. याउलट थापट्या बदक, छोटं चक्रांग बदक, पाण्याच्या काठाशी शेपटी खालीवर करत चालणारी तुतारी आणि आपला नीलपंख यांची घट एवढी दिसली, की जागतिक पातळीवर त्यांच्या धोक्याचा फेरविचार व्हावा असं अहवालानं सुचवलं.

आता शहरातली बाग कोणाला काय देते ते पाहा. फुलझाडं असली की शिंजीर येतो. उंबर-वड असले की तांबट, बुलबुल, कोकीळ येतात. हिरवळ असली की धोबी आणि साळुंक्या. हे सगळे येतात याचा आनंदच आहे. पण हे बहुतेक त्याच गटातले, ज्यांचं देशभर तुलनेनं बरं चाललं आहे. तुतारीला हिरवळीचा उपयोग नाही. तिला ओला, मऊ, किड्या-अळ्यांनी भरलेला चिखल लागतो, आणि खाडीवर तो दिवसातून दोनदा पाण्याखाली जाऊन पुन्हा उघडा पडतो, म्हणून त्यातलं अन्न नवं राहतं. शेकाट्याला उथळ पाणी लागतं. कैकराला मासा लागतो. बागेच्या तळ्याला सिमेंटचा उभा काठ बांधला की पाणी उरतं, चिखल उरत नाही; आणि चिखल नसलेलं तळं चिखलावर जगणाऱ्या पक्ष्यांच्या दृष्टीनं नसल्यासारखंच. ज्यांना बाग वाचवू शकते त्यांना वाचवायची फारशी निकड नाही, आणि ज्यांना वाचवायची निकड आहे त्यांना बाग वाचवू शकत नाही. म्हणून बागेतला हळद्या दाखवून खाडीकाठचा हिशेब चुकता झाला असं म्हणता येत नाही. हे खातं वेगळं, ते खातं वेगळं.

यावर उत्तर येतं : पक्ष्यांना पंख आहेत, एक जागा गेली तर दुसरीकडे जातील. हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत कमी तपासलेला दावा. स्थलांतर करणारे पक्षी वाऱ्यावर भरकटत येत नाहीत. हिमालयात आणि त्याच्याही उत्तरेला वीण करणारा करडा धोबी घ्या. हिवाळ्यातल्या आपल्या ठिकाणाशी तो इतका बांधलेला असतो, की तोच पक्षी दरवर्षी त्याच जागी, कधी शहरातल्या लहानशा बागेतसुद्धा, परतल्याचं आढळलं आहे. हजारो किलोमीटरचा प्रवास करून तो ओळखीच्या ठिकाणी येतो, कारण तिथं अन्न कुठं आहे आणि धोका कुठं आहे हे त्याला ठाऊक असतं. ती जागा नाहीशी झालेली आढळली तर प्रवासानं थकलेल्या, चरबी संपलेल्या अंगानं त्याला नवी जागा शोधावी लागते. ‘दुसरीकडे’ही रिकामं नसतं. तिथं आधीचे पक्षी असतात, त्यांचे हद्दीचे तंटे असतात, आणि तिथलं अन्न आधीच वाटून गेलेलं असतं. एका चिखलावर पाचशे पक्ष्यांचं पोट भरत असेल, तर तो चिखल भरून टाकल्यावर त्या पाचशेंना शेजारचा चिखल पुरत नाही. काही मरतात. ते इथं मरत नाहीत, परतीच्या वाटेवर कुठेतरी मरतात, म्हणून आपल्याला दिसत नाहीत.

‘ठाण्याला खाडीचं अभयारण्य आहेच की’ असंही सांगितलं जातं. आहे, आणि त्याचा अभिमान वाटावा असंच ते आहे. ठाणे खाडीच्या सुमारे 1,690 हेक्टर क्षेत्राला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, 2022 मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत गेली. पण ते अभयारण्य ऐरोली-वाशीच्या बाजूला, ठाणे खाडीत आहे. कोलशेतचा उल्हासकाठ त्याच्या सीमेत येत नाही. इथल्या तिवरांना आधार आहे तो किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचा आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाचा. खारफुटी तोडायला त्या निकालानं मनाई केली, तिच्याभोवतीच्या 50 मीटरच्या पट्ट्यात बांधकाम रोखलं, आणि सार्वजनिक हिताचा प्रकल्प असला तरी न्यायालयाच्या परवानगीची अट घातली. म्हणजे इथं लाल-गुलाबी पक्ष्यांची प्रसिद्धी पाठीशी नाही. आहे तो फक्त कायदा, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारी माणसं. त्या माणसांना ‘काही बिघडलेलं नाही’ असं सांगून घरी बसवणं म्हणजे या काठाचा एकमेव पहारा उठवणं.

आणि या काठावर काय येऊ घातलं आहे? बाळकुम ते गायमुख असा सुमारे 13 किलोमीटरचा किनारी रस्ता खाडीच्या कडेनं आखलेला आहे. जलवाहतुकीसाठी कोलशेत आणि काल्हेर इथं जेट्टींची योजना आहे. घोडबंदर रस्त्यावर रोज दोन-दोन तास अडकणाऱ्या माणसाला हा रस्ता हवासा वाटतो, त्यात त्याची काही चूक नाही. त्या कोंडीचा त्रास मलाही होतो. रस्ता होऊच नये, असं मी इथं म्हणत नाही. म्हणणं इतकंच, की त्याची खरी किंमत मोजून मग निर्णय घ्या. किती तिवरं जाणार, किती चिखलावर भराव पडणार, भरतीचं पाणी कुठून आत येणार आणि पावसाळ्यात कुठून बाहेर पडणार, हे प्रश्न विचारल्यावर उत्तर म्हणून बागेतल्या पक्ष्याचा फोटो पुढे केला जाऊ नये. कोलशेतच्या गावठाणातल्या आगरी-कोळी कुटुंबांना हे वेगळं सांगायला नको. खाडीत मासळी कमी होत गेली, रेतीचा उपसा झाला, पाण्याचा रंग बदलला, ते त्यांनी आपल्या जाळ्यात पाहिलं आहे. पक्षी आणि कोळी एकाच पाण्यावर जगतात. एकाचं बरं चाललं आहे म्हणून दाखवायचं आणि दुसऱ्याचं ऐकायचंच नाही, हा कसला हिशेब?

आता बागेच्या नावातल्या सेंट्रल पार्कविषयी. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आदर्श आपल्यापुढे ठेवण्यात आला, तर त्या आदर्शाचा पक्ष्यांशी संबंध असलेला भागही ठाणेकरांना माहीत हवा. ते उद्यान 843 एकरांचं आहे. पक्षिनिरीक्षकांमध्ये त्याचं नाव आहे ते मुख्यतः ‘रॅम्बल’ नावाच्या एका तुकड्यामुळे. हा सुमारे 36 एकरांचा, मुद्दाम रानटी ठेवलेला, झाडाझुडपांनी दाटलेला भाग. स्थलांतराच्या दिवसांत काँक्रीटच्या त्या अफाट शहरावरून रात्री उडत आलेले छोटे पक्षी पहाटे तिथं उतरतात. 1955 मध्ये शहराच्या उद्यान खात्याचे प्रमुख रॉबर्ट मोझेस यांनी या रॅम्बलमध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी करमणूक केंद्र बांधण्याची योजना जाहीर केली. हेतू वाईट नव्हता, पैसाही मिळत होता. पण पक्षिनिरीक्षकांनी विरोध केला, झुडपी जागा ही बागेतली पडीक जागा नसून तिचा गाभा आहे हे लावून धरलं, आणि योजना मागे घ्यावी लागली. सत्तर वर्षांपूर्वी दुर्बिणी घेऊन फिरणाऱ्या मूठभर लोकांनी ‘इथं काहीच नाही, नुसती झाडी आहे’ या म्हणण्याचा प्रतिवाद केला, म्हणून आज जगभरचे लोक तिथं पक्षी पाहायला जातात. आदर्श घ्यायचा तर हा घ्यावा. नुसता रॅम्बलच आपल्या अख्ख्या बागेच्या पावणेदोन पट आहे, तेव्हा आकाराची बरोबरी करता येणार नाही. पण बागेचा एक कोपरा न कापलेला, न झाडलेला, दिव्यांविना ठेवायला किती एकर लागतात?

इथं समोरच्या बाजूचा एक आक्षेप खरा आहे, आणि तो मी टाळणार नाही. पक्ष्यांची काळजी सांगणारे फोटोवालेच पक्ष्यांना छळतात, असं म्हटलं जातं. काहीजण छळतात. मोबाइलवर त्याच जातीच्या आवाजाचं रेकॉर्डिंग, म्हणजे ‘कॉल’, लावून पक्ष्याला झुडपातून बाहेर खेचतात. आपल्या हद्दीत परका नर घुसला असं समजून तो चरणं सोडून भांडायला येतो, आणि सकाळभरात दहा जणांनी कॉल लावला तर त्याची सकाळ त्यातच जाते. हिवाळ्यात या पक्ष्यांना परतीच्या उड्डाणासाठी अंगावर चरबी चढवायची असते. त्यांचा वाया गेलेला प्रत्येक तास त्या शिदोरीतून वजा होतो. कुणी अळ्या टाकून पक्ष्याला ठरावीक फांदीवर बसवतं, कुणी पिंगळ्याच्या डोळ्यांवर फ्लॅश मारतं, कुणी घरट्यासमोरची पानं तोडतं. वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी आणि घरटी विस्कळीत करणंही येतं, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसतं. हे सगळं बंद झालं पाहिजे, आणि ते आम्हीच आमच्यात बंद केलं पाहिजे. लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसणारा पक्षी, मिळाला नाही तरी चालेल, नोंदीपुरत्या साध्या फोटोवर समाधान माना, पक्षी अस्वस्थ दिसला की मागे फिरा, हे नवशिक्याला पहिल्याच दिवशी सांगितलं पाहिजे.

पण या आक्षेपाचा उपयोग तोंड बंद करण्यासाठी होतो, तो मला मान्य नाही. एका छायाचित्रकाराच्या अतिरेकानं एका पक्ष्याची सकाळ बिघडते. चिखलावर भराव टाकला की त्या चिखलावरचे सगळे पक्षी, सगळ्या हिवाळ्यांसाठी जातात. दोन्ही चुकाच, पण त्यांचं वजन एक नाही. बागेतल्या कॅमेऱ्यांवर बंदी घालून खाडीच्या प्रश्नाला उत्तर दिल्याचं समाधान कुणी मानू नये. उलट कॅमेरे कमी झाले तर नोंदी कमी होतील, आणि नोंदी कमी झाल्या तर ‘सगळं ठीक आहे’ हे म्हणणं आणखी सोपं होईल.

‘माणसांना आधी जागा द्या, मग पक्ष्यांचं बघू’ हा शेवटचा युक्तिवाद. माणूस विरुद्ध पक्षी हे भांडणच मुळात लावून दिलेलं आहे. तिवरांची रांग भरतीच्या पाण्याचा जोर मोडते, गाळ धरते, माशांच्या पिलांना आडोसा देते. चिखलपट्टा पावसाचं जादा पाणी सामावून घेतो. 26 जुलै 2005 चा पूर ज्यांनी ठाण्या-कल्याणात पाहिला, त्यांना पाण्याला जागा ठेवणं म्हणजे काय हे समजावण्याची गरज नाही. पक्षी या सगळ्या व्यवस्थेचा सहज दिसणारा भाग आहेत. ते कमी झाले तर त्यांच्या मागे असलेलं न दिसणारं बरंच काही आधीच कमी झालेलं असतं. म्हणून त्यांची मोजणी ही माणसाच्याच कामाची आहे.

तेव्हा काय करावं? माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांना फार पैसा लागत नाही.

बागेत एक कोपरा मोकळा सोडा. तिथं गवत कापू नका, ते बी धरेल आणि मुनियांना दाणा मिळेल. पालापाचोळा झाडून नेऊ नका; कस्तूर तोच उलथून किडे शोधतो. तळ्याच्या एका बाजूचा सिमेंटचा काठ काढून उतरता मातीचा काठ करा. नवी झाडं लावताना विदेशी शोभेच्या झाडांऐवजी उंबर, पांगारा, काटेसावर, पळस लावा. छोटे पक्षी बहुतांशी रात्री स्थलांतर करतात आणि प्रखर उजेडानं चकतात, म्हणून निदान ऑक्टोबर ते मार्च बाग बंद झाल्यावर शोभेचे दिवे मालवा.

आणि मोजणी सुरू करा. ऑक्टोबर ते मार्च, महिन्यातून दोनदा, एकाच सकाळी दोन ठिकाणी : एक गट बागेत, एक गट खाडीकाठी, ओहोटीची वेळ बघून. दोन्ही याद्या शेजारीशेजारी बागेच्या दारावर लावा, म्हणजे तिकीट काढून आत जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल की हे पक्षी इथले किती आणि तिथले किती. जैवविविधता कायदा 2002 सालचा आहे आणि स्थानिक संस्थेची जैवविविधता समिती व लोक जैवविविधता नोंदवही त्याच कायद्यातून येतात. या याद्या त्या नोंदवहीत आणि महापालिकेच्या पर्यावरण स्थिती अहवालात जाऊ द्या. पाणपक्ष्यांची आशियाई गणना दर जानेवारीत होते, 1987 पासून होत आली आहे. कोलशेतचा काठ तिच्यात दरवर्षी असला पाहिजे. महाराष्ट्र सरकारनं 2020 पासून मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. त्या सप्ताहात शाळांच्या सहली बागेत नेता, तशा खाडीवरही न्या. मुलांना हळद्या दाखवा, आणि चिखलावरचे किडे टिपणारी तुतारीही दाखवा.

फोटो काढणाऱ्या मित्रांना माझं वेगळं सांगणं आहे. तुमच्या फोटोचा अर्थ दुसऱ्या कुणाला लावू देऊ नका. प्रत्येक फोटोसोबत तारीख, जागा आणि संख्या लिहा. सोबत त्या सकाळची पूर्ण यादी टाका, आणि जो पक्षी पूर्वी दिसायचा पण आता दिसत नाही त्याचंही नाव लिहा. बागेतला एक फोटो दाखवलात तर खाडीकाठचाही एक दाखवा, भरावाचा असला तरी दाखवा. आणि तुमचा धोबी पुढे करून कुणी ‘बघा, काही बिघडलं नाही’ म्हणालं, तर तिथंच, त्याच बैठकीत उभं राहून सांगा : हा फोटो मी काढला आहे, आणि तो असं म्हणत नाही.